व्याह्यांचा तुर्की पंडित

टक्कल असूनही दर आठवड्याला केस कापायला जाणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये एकच असेल, आणि ते नेमके माझे व्याही निघाले. आम्ही दोघेही विधुर झाल्यावर ल्यूकनला मुलांच्या एकाच घरात राहायला आलो, तेव्हा मला कळलं की हे निवृत्त प्राध्यापक मनाने अकराव्या शतकात, तुर्की भाषांच्या एका पंडितामागून हिंडत असतात. तो पंडित म्हणे तंबूतंबूतून फिरला आणि माणसांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांचा कोश केला. वापरातून गेलेला शब्द त्याने घेतलाच नाही. त्यातले किती शब्द आजही जिवंत आहेत, हा व्याह्यांचा ध्यास. ल्यूकनमध्ये तंबू नाहीत, पण तुर्की न्हावी आहेत. न्हावी उरलेल्या झालरीवरून कात्री फिरवी आणि हे त्याला खोगिराच्या पट्ट्याला काय म्हणतात ते विचारत. "अंकल, मी जन्मात घोड्यावर बसलेलो नाही," तो एकदा काकुळतीला आला. "मग आईला फोन लावा," व्याही म्हणाले. त्याने लावलाही! माउलीने स्पीकरवरून अख्खं खोगीर समजावलं, आणि रांगेतली आयरिश गिऱ्हाइकं नंबर सोडून ऐकत बसली.

मला शेजाऱ्याशी हवामानापलीकडे बोलता आलेलं नाही. नातही त्यांच्याच बाजूची. माझ्या गोष्टीला "ग्रँड, आजोबा" म्हणून ती उठायची. पंडिताने जगाचा गोल नकाशा कसा काढला हे ऐकताना मात्र तिचा वरणभात गार व्हायचा. "आबा, अँड देन?" मी जळायचो. दुसरा शब्द नाही त्याला.

एका सकाळी ते म्हणाले, "व्याहीबुवा, स्लायगोला चाललोय. तिथल्या एका किरगीझ नर्सची आई आली आहे, त्यांची भाषाही तुर्की कुळातलीच. जन्मभर घोड्यांचं दूध काढलेली बाई! लेक मीटिंगमध्ये आहे, तेवढं सांगा तिला." आणि फोन चार्जिंगलाच ठेवून गेले. संध्याकाळी सूनबाई रडकुंडीला आली, नात जेवेना. "बाबा तुम्हाला काही बोलले होते का?" तिने विचारलं. मी हरवलो असतो तर कुणाचं जेवण अडलं नसतं, एवढंच माझ्या मनात आलं. "नाही," मी म्हणालो.

उन्हाळ्यातला उशिरापर्यंतचा उजेड बाहेर असतानाच ते परतले, चेहरा फुललेला. सूनबाई कडाडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझंच सांगायचं राहिलं असेल," ते म्हणाले. मला वाचवायला नव्हे; ते खरंच विचारात पडले होते. मग "बाबांना हल्ली आठवत नाही" सुरू झालं, एकट्याने बाहेर पडणं बंद झालं, आणि शेवटी त्यांना नागपूरला त्यांच्या मुलाकडे पाठवलं गेलं.

गेल्या रविवारी मी सूनबाईला सगळं सांगितलं. मग नागपूरला फोन लावून तिने तो माझ्या हातात दिला.

"म्हणजे मी तुम्हाला सांगितलं होतं?" व्याह्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"घोड्यांच्या दुधासकट."

आणि ते हसायला लागले. आत कुणालातरी ओरडून सांगू लागले, "अरे, मी सांगितलं होतं! मला बरोबर आठवत होतं!" मी शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो. त्यांना तेवढी फुरसत नव्हती.

नातीने माझ्या हातून फोन घेतला. "आबा, व्हेन आर यू कमिंग बॅक?"

उत्तर ऐकायला मी थांबलो नाही. वर जाऊन त्यांच्या खोलीची खिडकी उघडली आणि त्यांच्या पलंगावर साठलेले माझे कपडे उचलायला घेतले.