रजिस्टरमधली ती ओळ मी खोडणार नाही

मित्रांनो, राग अजून उतरलेला नाही.

आर्वीत सोयाबीन खरेदीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. रोज सकाळी शेतकऱ्यांना भाव कळवतो. आज ऑफिसच्या लॅपटॉपवर भावाचीच वेबसाइट ब्लॉक!

शेजारच्या टेबलावरचे दिनूभाऊ म्हणाले, "व्हीपीएन लाव ना बे, सगळं उघडते. आमी रोज त्याच्यावरच मॅच पाहून राह्यलो."

ब्लॉक चुकवणारे ते ॲप मी लावले, भाव पाठवले आणि कामाच्या रजिस्टरमध्ये 'व्हीपीएन लावून भाव पाठवले' असे लिहिले.

दुपारी साहेब भडकले. ऑफिसात व्हीपीएनला बंदी, आणि रजिस्टर नागपूरच्या मुख्य ऑफिसात तपासतात ना! "ती ओळ खोड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

दिनूभाऊ हसले, "लिवाले कोनं सांगतलं होतं तुले?"

मॅच पाहणाऱ्यांची नोकरी शाबूत, माझी उद्या जाईल. तुम्हीच सांगा, त्या ओळीत खोटे काय आहे?