फोटोपुरता फ्रॉक

“हा फ्रॉक काढ तिचा. एवढी नटवून कशाला आणलीस?”

यवतमाळच्या इंग्रजी नर्सरीतल्या मॅडमचं मले हे पहिलं बोलणं. ‘या’ नाई, ‘बसा’ नाई. माही छकुली साडेतीन वर्षाची. तेल लावून दोन वेण्या घातलत्या, लाल रिबिनी, डोळ्यात काजळ. कापूस वेचणीच्या मजुरीतून घेतलेला पिवळा फ्रॉक, अन् चालताना चूं चूं वाजणारे बूट. अख्ख्या एसटीत ती पायाकडंच पाहत आलती.

मॅडमनं तिथल्या आयाबाईले हाक मारली. आयाबाईनं एक बोचकं आणलं, लोकाईनं दान केलेल्या जुन्या कपड्याचं. त्यातून मॅडमनं दोन बोटाईनं एक फ्रॉक उचलला. काखेत उसवलेला, पोटावर वरणाचा डाग.

“हा घाल. रिबिनी सोड, काजळ पूस. बूट नकोत. पेपरवाले येताहेत, गरीब दिसली पाहिजे ना ती!”

किळस आली मले. त्या फ्रॉकची नाई, त्या दोन बोटाईची.

तुमी म्हणान, मंग गेलती कायले? लेकरासाठी गेलती. आमच्या गावची अंगणवाडी कधी उघडी, कधी कुलूप. सेविकाबाई शहरातून येते. आली तं आली, नाई तं दारात कुत्रे झोपते. माहा नवरा दुसऱ्याच्या वावरात कपाशीवर फवारणी करे. विष अंगात भिनलं, सरकारी दवाखान्यात संपला. तवापासून मी वेचणीले जाते अन् पोरगी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उन्हात बसून राह्यते. अशात या नर्सरीचा निरोप आला. फुकट शिकवू, गाडी गावापर्यंत येईन, गाणे, झोके, सगळं. मले तं खरंच वाटे ना बाप्पा.

हॉलमधी त्या दिवशीच्या कार्यक्रमाचं बॅनर लावलं होतं. मले वाचता येते, सातवी शिकली मी. ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कन्येस दत्तक.’

“मॅडम, माह्या नवऱ्यानं आत्महत्या नाई केली. शेतकरीबी नव्हता तो. मजूर होता.”

“असू दे गं. बॅनर छापून झालंय आता.”

असू दे! माणूस मेला माहा. अन् याईच्या बॅनरवर बसत नाई म्हणून त्याचं मरणच बदलून टाकलं! समोर खुर्च्याईवर मोठे लोकं बसलते, बाया अत्तर लावून. त्याईचे लेकरं कडक इस्त्रीत, बूट चकचकीत. त्याईले कोणी म्हटलं नाई बूट काढा म्हणून.

तरी मी थांबली. शाळा पाहिजे होती ना! आयाबाईनं छकुलीचा पिवळा फ्रॉक उतरवून तो डागाचा घातला. अन् मंग छकुली आपली आपणच खाली बसली, बूट काढाले लागली. कोणी हातबी लावला नव्हता. मॅडम म्हणे, “बघा, किती समजूतदार!”

पोरीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. “मम्मी, माहा फ्राक घाण हाये काय?”

थू! तवा माहं टाळकं फिरलं. अजून वर्गात पाय नाई टाकला पोरीनं, अन् पहिला धडा हा. चांगलं असन ते लपव. फाटकं असन ते दाखव.

माइकवरून नाव पुकारलं. मी छकुलीले कडेवर अन् तिचा फ्रॉक-बूट हातात घेऊन स्टेजवर चढली. तिथंच त्या डागाच्या फ्रॉकवरून पिवळा चढवला. लोकाईसमोर माही पोरगी मी उघडी करणार नाई. बूट घातले. मॅडम जवळ आली, दात खाऊन हळूच म्हणे, “काय तमाशा लावलास? सीट जाईल हं.”

मी हळू नाई बोलली. “ठेव तुही सीट तुह्यापाशी. माहा नवरा काम करता करता मेला. माही पोरगी भिकारी नाई.”

टाळी नाई पडली, काई नाई. एक बाई नाकाले रुमाल लावून दुसरीकडं पाहाले लागली. आमी दोघी मधातून चालत बाहेर निघालो. नुसते बूट वाजत होते. दारात मी तो डागाचा फ्रॉक आतून ओढून काढला अन् त्याईच्या पायरीवर टाकला.

एसटीत रडली मी. खोटं कायले बोलू? झोके गेले पोरीचे, गाडी गेली. त्या एका जागेसाठी मी किती दिवस मनात मांडे खाल्लते.

दुसऱ्या रोजी मजुरी पाडली अन् छकुलीले घेऊन अंगणवाडीच्या दारात जाऊन बसली. कुलूपच होतं. ऊन चढल्यावर सेविकाबाई आली. मले पाहून हसली. “काहून व, तू तं शहरातल्या शाळेत टाकून राह्यलती ना पोरगी?”

“नाई. इथंच टाकली. अन् आता इथं कुलूप लागू देत नाई.”

तिचं हसू गेलं. शेजारच्या दोघीजणी आपापले लेकरं घेऊन माह्या बाजूले येऊन बसल्या. तवापासून आमी पाळीनं बसतो. वेचणी असो का नसो, एक जण दारात असतेच. सेविकाबाई चिडते, तरी टायमावर येते.

छकुली शिकन. तेल लावून, काजळ घालून, वाजते बूट घालून शिकन. अन् जो कोणी तिले म्हणन, जराशी गरीब दिस, त्याच्या तोंडावर मी थुंकीन.