लाल चांदणीचा रकाना

मुलांच्या दवाखान्यात तिला सगळे खिडकीताई म्हणत. तीन नंबरच्या खिडकीत बसून तिला अठरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात खिडकीची काच दोनदा बदलली, ताई काही बदलली नाही. बोलायला फटकळ, पण पोटात काही नाही. रांगेत एखादं मूल रडायला लागलं की खेकसायची, "अहो, आधी त्याला पाणी तरी पाजा!" आणि स्वतःचीच बाटली खिडकीतून पुढे करायची.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात नवी यंत्रणा आली. पूर आला, वीज गेली, तर कुठल्या मुलाच्या जिवाला आधी धोका आहे हे संगणकाला ठाऊक असावं, अशी ती योजना. कुणाला ऑक्सिजनचं मशीन लागतं, कुणाचं इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, कुणाला फिट येतात. अशा प्रत्येक मुलाची नोंद करायची, म्हणजे संकटाची चाहूल लागताच घरच्यांच्या मोबाइलवर आपोआप निरोप जाणार. योजनेला नावं ठेवायला जागा नव्हती. नोंदी करण्याचं काम अर्थातच खिडकीताईच्या गळ्यात पडलं.

फॉर्ममध्ये मोबाइल नंबरच्या रकान्यापुढे लाल चांदणी होती. तो भरल्याशिवाय फॉर्म तसूभर पुढे सरकत नसे. आणि नदीपलीकडच्या वस्तीत कितीतरी घरांत फोनच नव्हता. इमारतींचे जिने पुसणारी एक बाई भाचीला कडेवर घेऊन आली. तीन वर्षांची पोर. झोपताना मशीन लावलं नाही तर तिचा श्वास अडकायचा.

"फोन नाही हो ताई. मग हिचं नाव नाही का लागणार?" आत्याने विचारलं.

मागे रांग दारापर्यंत गेली होती. ताईने एकदा पोरीकडे पाहिलं आणि रकान्यात स्वतःचा नंबर टाकून दिला.

"लागलं नाव. दर सोमवारी औषधाला येताच ना? काही निरोप आला तर मीच सांगेन."

एकदा वाट सापडली की माणूस त्याच वाटेने जातो. बघता बघता ताईच्या नंबरावर एकतीस मुलं झाली. लसीची तारीख, डॉक्टरांची सुट्टी, औषध आल्याची वर्दी, सगळं फोनवर यायचं आणि ताई ते सोमवारी खिडकीतून ज्याचं त्याला सांगायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. पत्त्याच्या रकान्याला चांदणी नव्हती, त्यामुळे तिथे कुठे 'टाकीमागे' एवढंच होतं, कुठे तेही नव्हतं. ताई स्वतःवर खूश होती. यंत्राला आपण जरा माणुसकी शिकवली, असं तिला वाटायचं.

गुरुवारी दुपारी धरणातून पाणी सोडलं. ताई डबा उघडत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना. 'आपल्या मुलाला ताबडतोब टेकडीवरच्या शाळेत हलवा.' एकतीस वेळा तेच. सोमवार चार दिवसांवर होता.

ती धावत वरच्या मजल्यावर गेली. डॉक्टरीणबाईंच्या खोलीतल्या पडद्यावर हिरवा गोल झळकत होता: निरोप पोहोचले, शंभर टक्के.

"कमाल केलीत खिडकीताई! एक घर सुटलं नाही," बाई म्हणाल्या.

ताईने फोन पुढे धरला. "बाई, एकतीस निरोप माझ्याकडेच आलेत."

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तशी त्यांनी पडद्यावर त्या मुलांची यादी उघडली. चार शब्द ऐकवले असते तर ताईला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "घरं माहीत आहेत?"

ताईला एकूण एक चेहरा माहीत होता. कोण औषध थुंकतं, कोण आत्याशिवाय कुणाकडे जात नाही, सगळं माहीत होतं. घर एकाचंही माहीत नव्हतं. पूल बंद झाला होता, शाळेतला फोन लागत नव्हता आणि बचावाच्या बोटी हीच यादी घेऊन केव्हाच निघाल्या होत्या. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

चार वाजता यंत्रणेचा गोड आवाज फोनवर आला. "आपली मुलगी सुरक्षित ठिकाणी पोहोचली असल्यास एक दाबा. नसल्यास दोन दाबा." माहीत नसल्यास काय दाबायचं, ते आवाजाने सांगितलं नाही. ताईने दोन दाबलं. एकतीस वेळा फोन आला, एकतीस वेळा तिने दोन दाबलं.

थोड्या वेळाने एका माणसाचा फोन आला. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज होता.

"ऑक्सिजन मशीन, मुलगी, वय पाच. तुम्हीच ना घरच्या? पत्ता टाकीमागे दिलाय. अहो, टाकीच अर्धी पाण्यात आहे. तुमचं घर कुठलं?"

"मला माहीत नाही हो," ताई म्हणाली. "आत्या जिने पुसते तिची. कुणालातरी विचारा ना तिथे."

"इथे कोण आहे विचारायला? तुम्ही मुलीच्या कोण?"

"कुणी नाही. नंबर तेवढा माझा आहे."

"बरं," तो माणूस म्हणाला, "मग पुढच्या मुलाच्या घरी लावतो."

त्याने फोन ठेवला. आणि लगेच ताईच्या हातातला फोन वाजला.