दार हे सोडवेना

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे कडकबाई म्हणायचे. निम्मं श्रेय इस्त्रीचं, निम्मं जिभेचं. चादरी, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. साहेबाशी बाकीचे दारातूनच बोलत. ही खुर्ची ओढून बसायची. साहेबालाच मग उभं राहावंसं वाटायचं.

कामगारांच्या गाण्याच्या मंडळीतही तीच पुढे. मंडळीचं सगळ्यात जुनं गाणं तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं. ते बॉयलरवर होते. धग खाता खाता त्यांनी जिवाच्या तगमगीवर ते रचलं होतं:

राहवेना या घरी, दार हे सोडवेना.

सभेत गाण्याआधी कडकबाई त्याचा अर्थ सांगायची, आणि निम्मे लोक त्यासाठीच यायचे. ती म्हणायची, हे घर विटांचं नव्हे, सवयीचं आहे. जिवाला आत करमत नाही, तो येरझाऱ्या घालतो, दारापर्यंत जातो आणि चौकट धरून उभा राहतो. मग ती आवाज खाली आणायची.

"आता शब्द बघा. 'सोडत नाही' म्हटलं असतं तर धरणारा मी, दोष माझा. 'सोडवेना' म्हटलं की मी नामानिराळा. जणू दारालाच गोंद लावलाय. लबाड शब्द आहे हा. मामंजींनी मुद्दाम घातलाय, आपली चोरी आपल्याच तोंडून वदवायला."

लोक हसायचे, आणि हसता हसता एखाद्याचा चेहरा उतरायचा. तोच आपला माणूस, असं ती म्हणायची.

जड इस्त्र्यांनी बायकांची मनगटं कामातून गेली, तेव्हा काम बंद पाडायला तीच पुढे झाली होती. साहेब नमला. वाफेच्या यंत्रांची नवी खोली झाली. शिवाय तिथे नव्या बायकांना शिकवायला कामगारांतलीच एक बाई नेमायची, हेही कबूल झालं. सगळ्यांनी एका तोंडाने कडकबाईचं नाव घेतलं.

आणि कडकबाई अडून बसली. आधी म्हणाली, बघू. मग म्हणाली, वाफेच्या घडीला धार येत नाही. मग म्हणाली, माझ्या मनगटाला काय धाड भरलीय? वास्तविक त्या मनगटाने घरी पातेलंही उचलवत नव्हतं. रोज घरी आली की ती खोलीभर फिरायची. धुतलेली कपबशी पुन्हा धुवायची. कामावर आली की जुन्या टेबलाला असं धरायची, जणू कोणी ते पळवून नेतंय. नवऱ्याने एकदा विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. शहाणा माणूस.

साहेबाला उद्या नाव द्यायचं होतं. दिलं नाही तर तो बाहेरचा आपला माणूस बसवणार, हे त्याने हसत हसत सांगून ठेवलं होतं. म्हणजे भांडून मिळवलेली जागा आयती त्याच्या घशात.

काम संपल्यावर घड्यांच्या खोलीत तालीम होती. घड्यांचं टेबल तिच्या थोरल्या नणंदेचं. गाणं रचणाऱ्याचीच ती लेक. त्यामुळे त्या गाण्यावर दोघींचा हक्क आणि दोघींचं भांडण. कडकबाईने सवयीने अर्थ सुरू केला. लबाड शब्दापाशी पोचली, आणि नणंद उशीचा अभ्रा झटकत म्हणाली,

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि वहिनी, तू तर वर इस्त्री केलेला पाषाण."

कोणी हसलं नाही. सगळ्यांना हसायचं होतं.

"ताई, टोमणा मारायचा तर सरळ मारा."

"सरळच मारते. दाराला गोंद कुणी लावलाय?"

कडकबाईच्या ओठावर उत्तर तयार होतं. तिचं कायमच असायचं. पण ते उत्तर धारेविषयी होतं, मनगटाविषयी होतं, आणि बोलण्याआधीच तिला ते ओळखीचं वाटलं. इतकी वर्षं सभेत ती ज्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बोट दाखवत होती, तो माणूस सध्या रोज तिच्याच टेबलामागे उभा राहत होता.

ती म्हणाली, "सूर द्या."

मंडळीने सूर दिला. राहवेना या घरी, तिने उचललं, नेहमीपेक्षा चढ्या पट्टीत. मग म्हणाली:

दार हे सोडते ना.

बाकीच्यांचं 'सोडवेना' तिच्यावर आदळलं आणि गाणं मध्येच पडलं. कोणाला वाटलं, चुकली. तिने पुन्हा उचललं, तोच एका अक्षराचा फरक, आणि तो 'ना' असा ठोकला, जसा लेक आईला म्हणते, जाते ना, किती वेळा सांगशील. तिसऱ्या खेपेला नणंदेने अभ्रा बाजूला ठेवला आणि तिच्या सुरात सूर मिळवला. मग सगळ्यांनीच.

थांबल्यावर नणंद म्हणाली, "बाबांचा शब्द बदललास."

"सभेत त्यांचाच गाईन. हा माझ्यापुरता," कडकबाई म्हणाली. "उद्या साहेबाकडे जाते. खुर्ची ओढूनच बसणार. आणि अर्थ मात्र यापुढेही मीच सांगणार, ताई."

"सांग की. आता तुला तो कळलाय."

कडकबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर सुरकुतीच पडली असती. मग ती आपल्या टेबलाशी गेली, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि डाव्या हाताने इस्त्री उचलली. उजव्याला ती पेलत नव्हती, आणि आज तिने ते लपवलं नाही.