खंडेनवमीचं पिस्तूल

मी पिस्तूल विकत घेतलं ते चोरांना भिऊन, असं अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातले लोक म्हणतात. ते खरं आहे.

मी एक फार्मसी सांभाळतो. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की दुकान बंद करायचं आणि एवढं मोठं पार्किंग तुडवत गाडी गाठायची. मिनेसोटातल्या थंडीत दिवस दुपारीच मावळतो. त्यात शेजारचं दुकान फुटलं. तेव्हापासून मी गाडीपर्यंत चालत जात नव्हतो, पळत होतो. (एकदा वाटेत किल्ली पडली, तर ती उचलायलाही थांबलो नाही! गाडीशी पोचल्यावर चूक कळली.)

"एक पिस्तूल घ्यावं म्हणतो," मी एकदा जेवताना म्हणालो.

आमटी वाढणाऱ्या सुषमाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, डाव हवेतच थांबला. "अहो, मी मिक्सर लावला तरी तुम्ही कानात बोटं घालता!"

"म्हणून तर छोटं घेणार."

शेवटी तह झाला. पिस्तूल जवळ बाळगायच्या परमिटसाठी क्लास करावा लागतो आणि त्यात नेम धरून गोळ्या मारून दाखवाव्या लागतात. पहिल्या फटक्यात पास झालो तर पिस्तूल माझं. नापास झालो तर ते विकून टाकायचं आणि पुन्हा घरात त्याचं नाव काढायचं नाही. "आणि मीही क्लासला बसणार," सुषमा म्हणाली, "तुमच्यावर लक्ष ठेवायला."

दुकानदार छातीपर्यंत दाढी असलेला, पण अगदी सज्जन माणूस होता. "कपड्यांखाली लपेल असं हवं, आणि स्वस्तातलं," मी म्हणालो. त्याने तळहातात मावतील अशी तीन मायक्रो-कॉम्पॅक्ट पिस्तुलं काउंटरवर मांडली. मी सगळ्यात चिमुकल्यावर बोट ठेवलं.

"लपतं छान," तो म्हणाला, "पण जितकं छोटं, तितका हाताला झटका मोठा. नवशिक्याला हे मधलं बरं."

"माझा हात स्थिर असतो," मी म्हणालो. तेव्हा तो खिशात होता.

सुषमाने तिन्ही पिस्तुलं वांगी निवडावीत तशी हातात तोलून पाहिली. "कव्हर फ्री देणार ना? आणि थँक्सगिव्हिंगच्या सेलला आलो तर अजून कमी होईल का?" धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं! पण होल्स्टर खरंच फुकट मिळालं, आणि सगळ्यात चिमुकलं, सगळ्यात स्वस्त पिस्तूल घेऊन आम्ही घरी आलो.

क्लास नेमका दसऱ्याला होता. आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे शस्त्रपूजेचा दिवस. आमच्याकडे दर वर्षी त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर, बर्फ उपसायचं फावडं आणि माझा लॅपटॉप यांची पूजा होते. आई देवासमोर पाट मांडून बसली होती.

"अरे विलास, घरात पहिल्यांदा खरंखुरं शस्त्र आलंय, आणि मी फावड्याला फुलं वाहू होय? आण ते इकडे!"

"आई, ते खेळणं नाही गं."

"मग मी काय खेळायला मागतेय?"

तिच्यापुढे कुणाचं चाललंय! गोळ्या मी घरात आणल्याच नव्हत्या. तरीही मॅगझिन काढून ठेवलं, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून अडकवली आणि आतली पोकळी आईला दाखवली. "हे बघ, रिकामं आहे. असंच उघडं राहू दे." सगळं दुकानदाराने शिकवलं होतं तसं, तंतोतंत! मग मी परसातली झेंडूची फुलं आणायला गेलो.

परत येऊन बघतो तर काय! आईने अगदी यथासांग पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता आणि वर पळीभर पंचामृत. आणि हे सगळं पिस्तुलाच्या त्या उघड्या पोटात!

"आई! अगं, हे काय केलंस?"

"तूच म्हणालास ना, रिकामं आहे म्हणून?"

मी टिश्यू पेपरने वरवर पुसलं. आतून साफ कसं करायचं त्याचा व्हिडिओ बघणार होतो, पण तेवढ्यात पानं वाढली. (श्रीखंड-पुरीनंतर भलेभले योद्धे आडवे होतात, मी तर फार्मासिस्ट!)

दुसऱ्या दिवशी क्लासला निवृत्त पोलीस असलेल्या एक बाई शिकवायला होत्या. माझी पाळी आली. गोळ्या भरण्याआधी त्यांनी स्लाइड पुढे सोडायला सांगितली. मी सोडली. ती निम्म्यापर्यंत रांगत आली आणि तिथेच बसली. बाईंनी पिस्तूल हातात घेतलं, आत वाकून पाहिलं.

"सर, हे लाल काय आहे?"

"कुंकू. धार्मिक असतं."

"आणि हा... तांदूळ?"

"हो, पण अखंड बरं का, मॅडम! तुटका चालत नाही."

त्यांनी बोट लावून वास घेतला. "आणि हे चिकट?"

"मध. शिवाय दूध, दही, तूप आणि साखर." आता लपवून काय उपयोग!

नेमबाजीच्या पलीकडच्या लेनमधली सुषमा शेजारच्या माणसाला इंग्रजीत सांगत होती, "मी यांना ओळखत नाही."

बाईंनी ते पिस्तूल बाजूला ठेवलं आणि क्लासमधलं एक मोठं माझ्या हातात दिलं. आज नापास झालो की पुन्हा त्या पार्किंगमध्ये जीव मुठीत धरून पळणं आलं, एवढंच डोक्यात होतं. पहिला बार उडाला आणि माझे डोळे जे मिटले, ते बाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हाच उघडले. समोर टांगलेला माझा निशाण्याचा कागद कोरा करकरीत! त्यांनी तो उलटूनही पाहिला. सुषमाच्या कागदावर मात्र मधोमध भोकांचा झुबका होता आणि कडेला दोन जास्तीची भोकं होती.

"ती कडेची माझी नाहीत," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

बाई माझा फॉर्म बघून मला हळूच म्हणाल्या, "सर, तुमची फार्मसी चांगली चालते ना?"

तहाप्रमाणे पिस्तूल विकायला हवं होतं. पण सुषमा म्हणाली, "विकायचं कशाला? मला येतंय की!" तिने ते स्वतः उघडून, घासूनपुसून लख्ख केलं. परमिटही तिच्याच नावाचं आलं. आता दुकान बंद करायच्या वेळी ती मला न्यायला येते आणि आम्ही दोघं गप्पा मारत गाडीपर्यंत जातो. खरं सांगू? इतकं निर्धास्त मला या देशात कधी वाटलं नव्हतं.

"पण चोर आलाच, तर मी काय करायचं?" परवा मी विचारलं.

"तुम्ही माझ्या मागे उभं राहायचं."

पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना तिच्याकडे आहे. लपायचं काम मी विनापरवाना करतो.