दोन ग्लास दुधीचा रस

सकाळी रस काढून झाला आणि यंत्राची घरघर थांबली, की मागे सिंकमध्ये कुणीतरी ग्लास विसळतंय असं मला वाटतं. नळ आधी बारीक, मग मोठा, आणि शेवटी ओट्यावर काच पालथी घातल्याचा आवाज. त्या वेळी घरात मी एकटीच असते, कारण नवरा पावणेआठलाच ऑफिसच्या बसला गेलेला असतो. मी वळून बघते. सिंक कोरडं असतं. एव्हाना याची सवय व्हायला हवी होती, पण होत नाही, आणि खरं सांगायचं तर ती व्हावी असं मला वाटतही नाही.

ग्लास विसळणारे म्हणजे माझे सासरे. मी त्यांना बाबा म्हणायची. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले. निजामाच्या काळात त्यांचे वडील मराठवाड्यातली शेती भावांवर सोपवून नोकरीसाठी हैदराबादेत आले. बाबांचा जन्म बरकतपुऱ्यातला आणि सगळं आयुष्यही तिथेच गेलं. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतकं मुरलेलं होतं, की लग्नानंतरची दोन वर्षं मी पुण्याची शहाणी त्यांची वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करत बसायची. माझी नोकरीही तसलीच. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, याचाच मला पगार मिळतो, आणि हा गुण मी घरात शिरताना चपलांबरोबर दाराशी काढून ठेवत नाही.

बाबा याच्या अगदी उलटे. अन्नाला नाव ठेवायचं नाही, ही त्यांची शपथच होती म्हणा ना. मीठ कमी, तिखट जास्त, भात कच्चा, असं काही त्यांच्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं. कसं झालंय विचारलं की 'मस्त झालंय' आणि फार खूश असले तर 'गोड आहे'. पिठल्यालाही गोड आहे म्हणायचे.

सासूबाईंचा नियम वेगळा होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या स्वयंपाकाला जीभ लावत नसत. आमटीचं मीठ त्या वासावरून सांगायच्या. मी चमचा तोंडाशी नेला की म्हणायच्या, "देवाच्या आधी जिभेला कसली घाई?" त्या गेल्यावर स्वयंपाकघर माझ्याकडे आलं आणि हा नियमही आला. माझी श्रद्धा बेताचीच. पण बाबा अंघोळ करून, घंटी हातात घेऊन देवापुढे वाट बघत उभे असायचे, आणि त्यांना उष्टं द्यायला माझं मन धजावेना. म्हणजे आमच्या घरात करणारी चाखत नव्हती आणि खाणारा बोलत नव्हता. दोन्ही नियम चांगलेच. वेगवेगळ्या घरांत असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

रसाचं खूळ बाबांच्या कवळीमुळे सुरू झालं. साखर वाढली होती, डॉक्टरांनी कच्च्या भाज्या खायला सांगितल्या होत्या, आणि कवळी हिरड्यांना टोचायची. काकडीची कोशिंबीरसुद्धा ते अर्धा तास तोंडात घोळवायचे, पण तक्रार नाही. शेवटी मी हळू पिळून रस काढणारं एक यंत्र मागवलं. पहिल्या दिवशी त्यात केळं घातलं आणि यंत्र चिकटून बसलं. दुसऱ्या दिवशी हौसेनं चार बिटं घातली, तर ओट्यावर कुणी बकरं कापलंय की काय असं दिसायला लागलं. मग हळूहळू हात बसला. गाजराला सफरचंदाची जोड हवी, आलं बोटाच्या पेराएवढंच, पालक एकदम न कोंबता काकडीच्या फोडींमध्ये थोडा थोडा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यंत्र लगेच धुवायचं, नाहीतर जाळीत अडकलेले धागे टूथब्रशनं काढत बसावं लागतं. उरलेला चोथा मी थालीपिठात मळायची. पहिला रस चांदीच्या वाटीत देवापुढे, मग एक ग्लास बाबांना, एक मला. आमच्या देवांनीही बीट पहिल्यांदाच चाखलं असणार.

त्या स्वयंपाकघरात सगळं सासूबाईंचं होतं. डबे त्यांचे, डब्यांची रांग त्यांची, विळीसुद्धा त्यांच्याच हाताच्या वळणाची. ते यंत्र तेवढं माझं होतं. मी फार आनंदात होते त्या दिवसांत.

एका रविवारी मलकपेठच्या बाजारात एका बाईकडे पोपटी, लवदार दुधी दिसले. "तीस्को अम्मा, लेत सोरकाया," ती म्हणाली. घे बाई, कोवळा दुधी आहे. मी नख लावून पाहिलं, खरंच कोवळे होते. दोन घेतले. पुण्याला माझी आई दुधी चिरायला घेतला की आधी एक चकती चावून बघायची, मगच बाकीचा चिरायची. काकडीचंही तसंच. लग्नाआधी मीही तेच करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सालं काढताना मला ते आठवलं, अगदी स्पष्ट आठवलं, आणि मी म्हटलं, नैवेद्य व्हायचाय अजून. दुधी, पुदिना, आलं आणि लिंबू. रस सुंदर हिरवा निघाला. बाबांचा ग्लास टेबलावर ठेवला, माझा शेजारी झाकून ठेवला, आणि नऊची मीटिंग होती म्हणून लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत बसले.

थोड्या वेळानं माइक बंद करून मी ओरडून विचारलं, "कसा झालाय बाबा?"

"मस्त झालाय बेटा," ते आतून म्हणाले. "तुझा ग्लास पडून आहे, तोपण पिऊ का मी?"

इतक्या दिवसांत त्यांनी दुसरा ग्लास कधी मागितला नव्हता. मला इतकं बरं वाटलं. "घ्या की, विचारता काय!" मी म्हटलं. मग नळाचा आवाज आला. बाबा ग्लास विसळत होते. सासूबाईंनी त्यांना आयुष्यात कधी भांड्याला हात लावू दिला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी दोन्ही ग्लास, जग आणि देवापुढची चांदीची वाटी, सगळं धुऊन पालथं घातलं. किती गुणाचे आहेत, असं मला वाटलं आणि मी मीटिंगमध्ये परत लोकांच्या चुका सांगायला लागले.

पाऊण तासानं उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. चेहरा पांढराफटक पडला. तिसऱ्या उलटीला लाल रंग दिसला, तेव्हा मी म्हटलं, काल बीट दिलं होतं, तेच असेल. त्या भरवशावर मी त्यांना अर्धा तास मीठ-साखरेचं पाणी पाजत बसले. तो अर्धा तास माझा आहे. तो मला कुणाच्या माथी मारता येत नाही.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती. "सुबे क्या खाए?" तिनं विचारलं. मी दुधीचा रस म्हटल्याबरोबर तिनं मान वर केली. "कडवा था क्या?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. सलाईन लावलेला हात किंचित हलवून ते म्हणाले, "नक्को, नक्को. मीठा था. एकदम मीठा."

ऑफिसात कुणाचा शब्द तपासल्याशिवाय पुढे न जाऊ देणारी मी, तिथे मान हलवून मोकळी झाले. डॉक्टरीणबाईंनी दुसरं काहीतरी लिहून घेतलं.

नवरा आला आणि बाबांपाशी थांबला. मी जुन्या रिपोर्टांची फाइल आणायला रिक्षानं घरी आले. ओट्यावर चोथ्याचं भांडं तसंच होतं. बाबांनी सगळं धुतलं, पण चोथ्याचं त्यांच्या लक्षात आलं नसावं. वास मारेल म्हणून मी ते फ्रिजमध्ये ठेवायला उचललं आणि उचलता उचलता चिमूटभर जिभेवर ठेवलं. कारल्याच्या शंभर पट कडू. जीभ घशाकडे ओढल्यासारखी झाली. मी सिंकमध्ये थुंकत राहिले, तोंड धूत राहिले, आणि समोर ते दोन ग्लास पालथे होते, स्वच्छ, एकमेकांना लागून. फाइल विसरून मी तशीच धावत खाली गेले.

"पूछी थी ना मैं," डॉक्टरीण चिडून म्हणाली. कडू दुधी म्हणजे विषच असतं, असा घोट तोंडात गेला तर लगेच थुंकायचा असतो, हे तिनं आम्हाला तिथेच उभ्यानं सांगितलं. बाबांच्या पोटात दोन ग्लास आणि वर नैवेद्याची वाटी होती. तीन दिवस ते आयसीयूत होते आणि मी बाहेरच्या खुर्चीत. माझ्या तोंडातली ती कडू चव त्या तीन दिवसांत गेली नाही.

ते वाचले. पाचव्या दिवशी त्यांना खोलीत आणलं, तेव्हा मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "कडू लागलं नाही तुम्हाला?"

"लागलं की," ते म्हणाले. "म्हटलं, कडू म्हणजे औषधी असंल. पाडव्याला आपण कडुलिंब खातोच ना."

"मग माझा ग्लास का प्यायलात?"

"तू गुणगुणायलीस आजकाल ओट्यापाशी. तुझी सासू गेल्यापासून त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. तुला कडू लागलं असतं, तर ते मशीन तू खोक्यात घालून माळ्यावर टाकली असतीस. तुला मी ओळखत नाही का?"

खरंच होतं ते. मी तस्संच केलं असतं.

"आणि डॉक्टरशी खोटं का बोललात?"

"चार माणसांत सुनेच्या हाताला नाव ठेवू?" ते म्हणाले, जणू मीच काहीतरी लाजिरवाणं सुचवलं होतं.

मी रडले, भांडले, त्यांच्याकडून वचन घेतलं. यापुढे वाईट असेल त्याला वाईट म्हणायचं. त्यांनी 'हौ' म्हटलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे नैवेद्याचा नियम मोडला. सगळं आधी मी चाखायला लागले, देवाच्याही आधी. बाबा घंटी वाजवून तेच उष्टं देवाला दाखवत राहिले. पण त्यांचा 'मस्त झालंय' त्यानंतर माझ्या कानाला कधी खरा वाटला नाही. ते जेवत असताना मी त्यांचा चेहरा वाचत बसायची. एकदा तर मी मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घातलं. त्यांनी भातावर घेतली, खाल्ली, आणखी मागितली. म्हणाले, "गोड आहे."

मी ताटावरून उठले. "दुप्पट मीठ आहे त्यात! वचन दिलं होतंत तुम्ही मला!"

"खारट लागायली होती थोडी," ते ओशाळून म्हणाले. "पण भातासंगं चालून गेली."

मी तेव्हा त्यांच्यावर फार ओरडले. या माणसाला मी पुन्हा विष वाढलं, तरी तो मला सांगणार नाही, एवढंच मला दिसत होतं. त्याची भीती त्यांना नव्हती, सगळी माझ्याच वाट्याला आली होती.

पुढे दीड वर्ष ते ठीक होते. मग थंडीत हृदयाचं दुखणं सुरू झालं आणि ते अंथरुणाला खिळले. दुधीचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं दोन डॉक्टरांनी मला वेगवेगळं सांगितलं. मी दोघांवरही विश्वास ठेवलेला नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांना मोसंबीचा रस तेवढा जायचा. मी नळगोंड्याची मोसंबी आणायची, पांढरं साल कणभरही राहू न देता सोलायची, बी चिरडली तर कडवट होतं म्हणून एकेक बी काढायची. त्या सकाळी रस काढला, चाखला. गोड होता. पलंगापाशी नेला, पुन्हा चाखला आणि चमच्यानं त्यांच्या ओठांशी नेला.

त्यांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग हातानं चमचा हळूच बाजूला सारून माझ्याकडे बघत म्हणाले, "कडू आहे गं."

सगळ्या आयुष्यात त्यांनी अन्नाला ठेवलेलं ते पहिलं नाव. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. इतका की मी त्यांचा हात धरून हसतच सुटले. तेही किंचित हसले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

शेवटाला आजाऱ्याचं तोंड कडू होतं, असं शेजारच्या बायका म्हणतात. तसंच असेल. किंवा जाताजाता त्यांना ते वचन आठवलं असेल, आणि मी किती दिवसांपासून तो एक शब्द मागत होते, तेही. तो ग्लास मी स्वयंपाकघरात आणून उरलेला सगळा रस उभ्याउभ्या पिऊन टाकला आणि ग्लास विसळून पालथा घातला.

रस गोडच होता.