खांबावरची यादी

गुऱ्हाळं पेटली की पुष्पावतीबाईंचा दिवस झाडूनं सुरू होतो. देवळाली प्रवरेच्या बाहेर, कॅनॉलच्या रस्त्याला तीन गुऱ्हाळं आहेत आणि त्यांच्या पलीकडं बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट. चुलाणात उसाचं चिपाड जळतं, काहिलीत रस उकळतो, सगळ्या वस्तीला गोड वास सुटतो. पण वारा फिरला की धुराड्यातली काजळी भुरभुरत येऊन कोर्टावर बसते. दिसायला केसाच्या तुकड्याएवढी, पाय पडला की साबणासारखी. म्हणून आधी झाडायचं, तेही वाऱ्याच्या दिशेनं, आणि मग ओल्या पोत्यानं पुसायचं.

बाई नगरला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून मुलींच्या शाळेत लागल्या, तेव्हा या कोर्टावर गाव कांदा वाळत घालत होतं. कुठल्याशा निधीतून कोर्ट बांधलं गेलं होतं आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. त्या खो-खोच्या खेळाडू. नियमांचं एक पातळ पुस्तक आणून त्यांनी रात्रीतून नव्हे, चांगल्या दोन वर्षांत हा खेळ शिकून घेतला आणि मुलींना शिकवला. तेव्हाच त्यांनी नियम घातला, जी झाडेल ती खेळेल. झाडून झालं की पूर्वेकडच्या खांबावर त्या खडूनं यादी लिहीत. वरची पाच नावं सुरुवातीला उतरणार, खालची बदलीला. सत्तावीस वर्षांत या यादीवर रडारड पुष्कळ झाली, पण खडू दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही.

सुमैरा याच कोर्टावर वाढली. टेम्पोवाल्या नबीलालची थोरली. सहावीत होती तेव्हा चेंडू तिच्या छातीएवढा दिसायचा, पण एकदा हातात आला की पोरगी रिंगच्या खाली कधी पोचली ते समोरच्यांना कळायचं नाही. पुढं ती पुण्याच्या एका व्यावसायिक संघात गेली, करारावर खेळू लागली, तिचे फोटो फलकांवर लागले. तिच्या नावावर गावात क्लब उभा राहिला. क्लबला अध्यक्ष मिळाले ते ठिबकची एजन्सी असलेले राधाकृष्ण अण्णा; प्रशिक्षक बाईच राहिल्या. राज्यातल्या क्लबांची स्पर्धा असली की सुमैरा महिनाभर गावी येई, आणि मग कोर्टाच्या कडेच्या भिंतीवर बसायलाही जागा मिळत नसे.

बाईंना तिचं कौतुक होतं आणि एक ठसठसही होती. मुलींना कपडे बदलायला खोली हवी म्हणून बाईंनी अकरा वर्षं अर्ज केले होते. सुमैरा अण्णांना फोनवर एकदाच म्हणाली, "मुली ट्रॅक्टरच्या आडोशाला कपडे बदलतात, मला लाज वाटते." बाराव्या दिवशी खोलीवर पत्रा चढला. बाईंनी आत जाऊन कडी लावून पाहिली, काढून पाहिली. चांगली लागत होती.

यंदा जानेवारीत संघ अंतिम सामन्याला पोचला. सामना रविवारी, आपल्याच कोर्टावर. बुधवारी अण्णांनी बाईंना एजन्सीत बोलावलं. पाइपांच्या वेटोळ्यांमधून वाट काढत बाई खुर्चीपर्यंत गेल्या.

"बाई, एक बारकीशी बाब हाय," अण्णा म्हणाले. "सुमैरा म्हणती, पहिल्या पाचातल्या मोनिकाच्या जागी निकिताला उतरवा. पुण्यात तिच्या संघातली पोरगी हाय. नाव मी कवाच नोंदवलंय."

"मला न विचारता?"

"आता विचारतोयच की. अन् दुसरं म्हंजे ती यादी. ती तुमी दोघींनी मिळून करायची."

"मिळून म्हणजे कशी?"

"म्हंजे ती सांगल, तुमी लिवायचं. अक्षर तुमचंच ऱ्हाईल!"

बाईंना हसूच आलं. अण्णांना वाटलं, काम झालं. त्यांनी चहा सांगितला. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चहा नको. यादी रविवारी सकाळी खांबावर लागेल, दरवेळी लागते तशी."

"मंग तीबी दरवेळी येती तशी येनार न्हाई, बाई. अन् तसं झालं तर कमिटीला तुमचा विचार करावा लागल. आताच सांगून ठिवतो."

संध्याकाळी सुमैरा कोर्टावर एकटीच नेम मारत होती. बाई खांबापाशी उभ्या राहिल्या.

"मोनिकानं सहा सामन्यांत चार गुण केलेत," सुमैरा चेंडू न थांबवता म्हणाली.

"आणि तू?"

"एकशे तेरा."

"तू रिंगकडं निघालीस की तुला अडवायला येणारी पोरगी कुठं अडते, वळून बघितलंस कधी? मोनिकाच्या खांद्यावर अडते. त्याचे गुण कुणी लिहीत नाही."

"निकितालाही ते येतं. पास लवकर देते. बाई, मी उगाच हट्ट नाही करत. पुण्यात कोच मला विचारतात, कुणाबरोबर बरं जमतं म्हणून."

"विचारावंच. मीही विचारते. पण विचारणं निराळं आणि लिहिणं निराळं."

सुमैरानं चेंडू बगलेत धरला. तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "सहा वर्षं तुम्हीच ओरडत होता ना, 'बॉल सुमैराकडं द्या'? सगळ्या पोरींना तुम्हीच शिकवलंत की सुमैरा म्हणेल तसं खेळायचं. आता मी म्हणतेय तर तुम्हालाच नको झालं."

खरंच होतं ते. आणि त्याहून खरी एक गोष्ट त्यांना आठवत होती. सुमैरा नववीत असताना जिल्ह्याच्या सामन्याआधी नगरचा एक फोटोवाला आला होता. पोरीच्या हातात झाडू होता. फोटोवाला म्हणाला, झाडू नको, चेंडू द्या. बाईंनीच पुढं होऊन झाडू काढून घेतला, म्हणाल्या, "राहू दे गं आजच्या दिवस." तो आजचा दिवस सात वर्षं चालला. परत तिच्या हातात झाडू दिला नाही आणि तिचं नाव खांबावर मात्र दर वेळी पहिलं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मीच काढून घेतला होता तुझ्या हातातून. रविवारी सहाला ये झाडायला."

"बाई, माझा गुडघा..."

"झाडायला गुडघा लागत नाही, कंबर लागते."

सुमैरा हसली नाही. चेंडू बॅगेत घालून निघून गेली.

शुक्रवारी नबीलाल दारात टेम्पो लावून आला. हातात पेरूची पिशवी होती. "बाई, तुमाला काय सांगू? घरात बी तिचंच चालतंय. गेल्या ईदेला म्हणली, शीरखुर्म्यात साखर नको, माझं डाएट हाय. साऱ्या गल्लीनं फिका शीरखुर्मा खाल्ला. एक माणूस बोललं न्हाई!"

"आणि तुम्ही?"

"म्या?" नबीलालनं मागं बघून घेतलं. "म्या सैपाकघरात जाऊन वरून साखर टाकली. चोरून."

बाई मोकळ्या हसल्या. मग म्हणाल्या, "चोरून नको होतं टाकायला, नबीलालभाई."

तो गेल्यावर पेरू धुता धुता त्यांच्या मनात आलं, आपण तरी काय वेगळं केलं? सात वर्षं तिच्या वाटणीचं कोर्ट आपणच झाडत आलो, कुणाला न सांगता.

रविवारी सहाला गार वारा होता. आठ मुली आल्या. मोनिका सगळ्यांच्या आधी, पोतं भिजवून तयार. एसटीतून उतरलेली एक उंच, अनोळखी मुलगी फाटकात घुटमळत उभी राहिली. सगळ्या झाडतायत असं बघून तिनंही कोपऱ्यातला झाडू उचलला आणि मुकाट्यानं झाडू लागली. ती निकिता होती. बाईंनी तिला काही विचारलं नाही. सुमैरा आली नाही.

बाईंनी खडू घेतला. वर पाच नावं लिहिली, त्यात तिसरं मोनिकाचं. मग सहाव्या नावाची जागा कोरी सोडली आणि तिच्याखाली राहिलेल्या मुलींची नावं लिहिली. सगळ्यात शेवटी निकिताचं.

"बाई, मधी जागा का सोडली?" मोनिकानं विचारलं.

"ती जागा कोणाची ते तुला माहीत आहे. खडू कुठं जात नाही."

चार वाजता सामना सुरू झाला. भिंतीवर माणसं, उसाच्या ट्रॉल्यांवर माणसं. सुमैरा अण्णांशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, पुण्याच्या संघाचं जाकीट घालून बसली होती. "सुमैरा! सुमैरा!" असा ओरडा उठला की अण्णा बाईंकडं बघत. शेवटी ते उठून आलेच. "बाई, लोकं कुनाला बघाया आल्यात? जरा तरी लाज ऱ्हाऊ द्या!"

"लोकांना बघू द्या अण्णा. पाच पोरी खेळतायत."

पोरी जिवाच्या करारानं खेळत होत्या, पण मध्यंतराला संघ नऊ गुणांनी मागं होता. आणि तेवढ्यात वारा फिरला. तिन्ही धुराडी एका रेषेत आली आणि काजळी कोर्टावर उतरली. समोरच्या संघाची एक मुलगी सराव करताना घसरून बसली. पंचांनी शिट्टी मारून सराव थांबवला. "कोर्ट साफ झाल्याशिवाय सुरू करता येणार नाही."

आपल्या मुलींनी न सांगता झाडू उचलले. नऊ झाडू चालू लागले तसा ओरडा बसला. एवढी माणसं असून खराट्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बाईंनी खुर्च्यांकडं मुद्दाम बघितलं नाही.

जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकून सुमैरा खाली आली. खांबाशी टेकवलेला बाईंचा झाडू तिनं घेतला आणि रिंगखालचा भाग झाडू लागली. काजळी उडून तिच्याच तोंडावर आली.

"ए ताई, वाऱ्याच्या उलटं झाडतीस!" मोनिका ओरडली. "सगळं परत आमच्याकडं ढकलतीस की!"

सगळ्या पोरी खिदळल्या. सुमैरानं बाहीनं तोंड पुसलं, गालावर काळा फराटा उमटला. "मंग दाखव ना कसं ते! नुसती बडबड करतीस!" ती म्हणाली. पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडी ही बोली बाईंनी प्रथमच ऐकली. मोनिकानं तिला खांद्याला धरून वाऱ्याकडं पाठ करून उभं केलं.

झाडून झालं. बाईंनी सहाव्या जागी नाव लिहिलं. सुमैरा खांबापाशी येऊन उभी राहिली, उतरायला तयार.

"बस," बाई म्हणाल्या. "सहावी आहेस. बदलीची वेळ मी सांगेन."

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, रागाचं असावं. पण ती बसली. अख्खा तिसरा क्वार्टर बाकावर बसली, दोन्ही कोपर गुडघ्यांवर रोवून. पहिल्यांदाच बाहेरून बघत होती. एकदा तिच्या तोंडून निघालं, "मोनिका, डावीकडं!" आणि मोनिका आधीच डावीकडं होती. चौथ्या क्वार्टरला बाईंनी तिला उतरवलं. मोनिका आतच राहिली. अंतर भरत भरत आलं, आणि शिट्टी वाजली तेव्हा संघ दोन गुणांनी हरला होता.

माणसं घरी जाताना बोलत होती, पहिल्यापासून खेळली असती तर कप गावात राहिला असता. बाईंनी ते ऐकलं. त्यांनाही तसंच वाटत होतं. मग त्यांनी पोती गोळा करून दगडावर धुतली.

सोमवारी कमिटी बसली आणि बाईंना काढायचं ठरलं. सही तेवढी राहिली होती. बुधवारी अण्णांनी पुन्हा बोलावलं. या वेळी चहा आधीच येऊन थांबला होता.

"बसा, बसा. मिटलं बघा समदं. सुमैराचा पुण्याहून फोन आल्ता. म्हणली, बाई ऱ्हातील. न्हाई तर मी पुढच्या साली येत न्हाई. मंग काय, ऱ्हावा तुमी!"

बाईंना बरं वाटलं. पोरीनं शब्द टाकला होता, आणि तो आपल्यासाठी. एक क्षण त्यांना वाटलं, कप उचलावा आणि चहा प्यावा. पण कप तसाच राहिला.

"असं नको, अण्णा."

"आता काय नको?"

"तिच्या शब्दावर तुम्ही मला काढायला निघालात, तिच्या शब्दावर ठेवताय. मग मधे तुम्ही कोण आणि मी कोण?"

"अवो, तुमच्याच बाजूचा शब्द हाय की ह्यो!"

"आज आहे. उद्या निराळा असेल. सुमैरानं खोली मागावी, डॉक्टर मागावा, चांगलं कोर्ट मागावं. ते तिच्याच आवाजानं होतं, मी पाहिलंय. तिला विचारत जा. पण यादी प्रशिक्षकाची, असा ठराव लिहा. मी असेन तोवर माझी, माझ्यानंतर जी येईल तिची. ठराव झाला तर मी राहते. नाही तर आजपासून खांब तुमचा."

अण्णांचा हात हळूच मोबाईलकडं गेला.

"कुणाला लावताय?"

"न्हाई... म्हणलं, सुमैराला एकदा इचारून घ्यावं, असा ठराव केला तर चालंल का."

"अण्णा, फोन खाली ठेवा," बाई म्हणाल्या. "अध्यक्ष तुम्ही आहात."

अण्णांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. खणातून ठरावाची वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "सांगा. तुमी सांगा, मी लिवतो."

बाईंनी एकेक शब्द सावकाश सांगितला. खाली सही झाली, तारीख पडली. चहावर साय धरली होती. बाईंनी ती बोटानं बाजूला सारली आणि कप रिकामा केला.

गुरुवारी सहाला त्या कोर्टावर गेल्या तेव्हा मोनिका पोतं भिजवत होती. खांबावर रविवारची यादी तशीच होती, दहिवरानं थोडी ओघळलेली. बाईंनी पोतं पिळून घेतलं आणि खांब वरपासून खालपर्यंत पुसला. मग वाऱ्याकडं पाठ करून झाडायला सुरुवात केली.